विकरातला काना

कुहीहून आलेल्या या गठ्ठ्यात माझी जुनी पत्रं आहेत. मामांनी मला लिहिलेली मी जपली होती, मी लिहिलेली त्यांनी जपली होती, त्यामुळे आता दोन्ही बाजू जुळल्या आहेत. मी ती तारखेप्रमाणे लावते आहे.

आई गेल्यावर पाचवीपासून मी कुहीला मामा-मामींकडे वाढले. मामा म्हणजे गोपाळराव हटवार गुरुजी. कुहीच्या शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवून १९६८ साली निवृत्त झाले, पण लाल शाई निवृत्त झाली नाही. घरी लग्नपत्रिका आली की आधी शुद्धलेखनाच्या चुका काढायचे, मग तारीख बघायचे. माझ्या प्रत्येक पत्रावर त्यांच्या दुरुस्त्या आहेत. महत्त्वाच्या तेवढ्या मी कंसात सांगते.

वाचण्याआधी एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. एन्झाइमला मराठीत विकर म्हणतात, आणि मी मोजत होते तो धमनीतली चरबी खाणारा, म्हणजे जितका जास्त तितका चांगला. हा शब्द पाठ्यपुस्तकांत आला तेव्हा मामा शाळेतून बाहेर पडले होते. १९७७च्या दिवाळीत मी तो कुहीच्या स्वयंपाकघरात चकल्या पाडता पाडता नीट समजावून सांगितला. सगळ्यांना सांगितला असं मला वाटलं. मामा त्या वेळी बाहेरच्या ओट्यावर पेपर वाचत होते.

—

नागपूर
२८ नोव्हेंबर १९७७

तीर्थरूप मामांस चारूचा शिरसाष्टांग नमस्कार.

एसटीनं मला वेळेवर पोचवलं, चकल्यांचा डबाही शाबूत पोचला. तो प्रयोगशाळेत नेण्याची चूक मात्र मी केली. आमच्याकडचे धोंडबा म्हणून अटेंडंट आहेत, त्यांनी अर्धा डबा संपवून मामींना नमस्कार सांगितला आहे. हेच धोंडबा शवविच्छेदनाच्या खोलीतून बर्फाच्या थर्मासमध्ये माणसाच्या मोठ्या धमनीचा तुकडा घेऊन येतात. मी तो वाटते आणि त्यात विकर किती आहे ते मोजते. चार वर्षं झाली, दुसरं काही करत नाही. धमनीच्या आतून चरबीचा थर धरतो, त्यात या विकराचा हात किती, एवढाच माझा प्रबंध.

मी निघताना गमतीनं तुमची नाडी धरली होती, आठवतं? तेव्हाच मनात आलं होतं की मामांच्या धमन्यांत विकर ठासून भरलेला असणार. या गोष्टी घराण्यातून उतरतात. आजोबा पिकल्या वयात कसे गेले बघा ना. सकाळी भाकर खाल्ली, दुपारी गेले. ना खोकला, ना खाट. विकर असा पाहिजे. अशा माणसाची धमनी मला एकदा वाटायला मिळाली तर प्रबंध सोन्याचा होईल. तुम्ही काळजी करू नका, तुमची मला इतक्यात नको आहे.

मामींना नमस्कार.

तुमची
चारू

(या पत्रात 'विकर' चार वेळा आला आहे. चारही ठिकाणी लाल शाईनं काना देऊन 'विकार' केलं आहे. दुसऱ्या परिच्छेदाच्या समासात एक लाल उभी रेघ आहे. तिच्यापुढे काही लिहिलेलं नाही.)

—

कुही
७ डिसेंबर १९७७

चि. चारुशीला हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. पत्रात एकूण अकरा चुका आहेत. त्यांतल्या सात तू पाचवीपासून करत आली आहेस, त्या पुन्हा सांगून उपयोग नाही. उरलेल्या चार एकाच शब्दातल्या आहेत. त्याविषयी मी लिहीत नाही. तो शब्द लिहिताना तुझा हात कापला असावा, हे मी समजू शकतो. तू ज्या नाजूकपणे ते सांगितलेस त्याचे मला कौतुक वाटले. माणसाने वाईट बातमी अशीच द्यावी.

तुला जे हवे आहे ते योग्य वेळी मिळेल. तशी तजवीज मी करीन.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना धमनीचा विकार आहे असे कळले आहे. वय सदुसष्ट. त्यांनी पथ्य काय पाळावे, ते सविस्तर कळव. गृहस्थ सुशिक्षित आहेत, जे खरे असेल ते ऐकून घेतील.

तुझी मामी आशीर्वाद सांगते. तिला जरा पित्ताचा त्रास आहे. विहिरीवरून येताना वाटेत घागर खाली ठेवून उभी राहते. सुंठ घेण्यास सांगितले आहे.

तुझा
मामा

—

नागपूर
१६ डिसेंबर १९७७

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही चार चुका माफ केल्या हे वाचून मी खुर्चीत बसले. माझा हात कापत होता हे खरं आहे. आमच्या थंड खोलीत चार अंशांवर काम चालतं आणि मी पत्र तिथेच लिहिलं होतं. तुम्ही इतके मऊ झालात तर आम्ही लहानाचे मोठे कोणाला भीत झालो, असं वाटायला लागेल.

योग्य वेळी मिळेल म्हणजे तुमचा तो मोठा शब्दकोश ना? तुम्ही ओळखलंत. दहा वर्षं माझा डोळा आहे त्याच्यावर.

तुमचे गृहस्थ कोण हे मी विचारत नाही, कारण ते धानगिरणीचे देवरावच असणार. त्यांचं पोट मी दिवाळीत पाहिलं आहे. त्यांना सांगा, तूप, लोणी, सावजी मटण बंद. ओझं उचलायचं नाही. जिन्याची चढउतार करायची नाही. चिडायचं नाही. हवेशीर जागी आराम करायचा आणि सगळं हातात घ्यायचं. घरच्या माणसांनी त्यांना ताटावरून पाण्यासाठीसुद्धा उठू देऊ नये. आणि एकदा नागपूरला आणून कार्डिओग्राम काढा.

आमच्याकडे एक चांगली गोष्ट झाली. सरांनी बायकांच्या धमन्यांचे नऊ नमुने यादीतून काढायला सांगितले. त्यांचं म्हणणं, हा आजार मुळात पुरुषांचा, बायकांना होतो तो उशिरा आणि कमी, त्यामुळे आकडे उगाच बिघडतात. माझं नऊ दिवसांचं काम वाचलं. नमुने फ्रीजमध्ये मागच्या कप्प्यात ठेवून दिले.

मामींना पित्तावर थंड दूध द्या.

तुमची
चारू

(पथ्याच्या परिच्छेदाला लाल शाईनं क्रमांक घातले आहेत. एक ते सहा.)

—

कुही
१९ जानेवारी १९७८

चि. चारुशीला हिस अनेक आशीर्वाद.

तिळगूळ या पत्रात घालता येत नाही, तो मिळाला असे समज.

तू लिहिलेले पथ्य त्या गृहस्थांनी अक्षरशः पाळले आहे. जिन्याची चढउतार करायची नाही, म्हणून ते माडीवरच राहायला गेले. तिथे हवा चांगली आहे आणि एकदा वर गेल्यावर उतरण्याचा प्रश्न राहत नाही. त्यांचे जेवण, पाणी, आंघोळीचे पाणी, वर्तमानपत्र वर जाते. तूप सोडले. घरी लोणी निघतेच, ते टाकून देणे बरे नाही म्हणून त्यांची पत्नी खाते. चिडणे कमी झाले आहे, पूर्ण गेलेले नाही. कार्डिओग्रामची त्यांना गरज वाटत नाही. त्यांना ज्या व्यक्तीने सांगितले तिच्यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे.

एक चौकशी कर. नागपूरच्या वर्तमानपत्रात एखादी छोटी जाहिरात द्यायची असेल तर तिचे मुद्रितशोधन कोण करते? मजकूर आधी तपासून देता येतो का? मी हल्ली पाहतो, 'दुःखद' या शब्दातला विसर्ग हे लोक सर्रास गाळतात.

संक्रांतीला घरी हळदीकुंकू झाले नाही. तुझ्या मामीचे पित्त फारच खवळले होते. पहाटे लाडू वळता वळता घामाने भिजली, तशीच जमिनीवर आडवी झाली, दुपारपर्यंत उठली नाही. शेजारच्या प्रेमिलाने लिंबूपाणी करून दिले. तुझी मामी काहीतरी हाताविषयी बोलत होती, पण तिचे बोलणे तुला माहीत आहे, कर्त्याचा क्रियापदाशी संबंध नसतो. आता बरी आहे. फक्त जिन्यावर मध्येच बसते.

तुझा
मामा

—

नागपूर
२७ जानेवारी १९७८

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

देवराव माडीवर बसून राहिलेत आणि त्यांची बायको लोणी खाऊन राहिली, हे वाचून मी इतकी हसले की धोंडबांनी येऊन विचारलं, बाई, काय झालं. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, अशा माणसाले आमच्याकडे लवकर पाठवा. मामा, माणसं इतकं मनावर घेतात हे मला माहीत नव्हतं. त्यांना म्हणावं, खाली उतरा.

जाहिरातीचं विचारलं. मजकूर टाइप करून दिला तर तसाच छापतात. पण हा प्रेमिलाच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा मजकूर असेल तर त्यात 'दुःखद' कशाला येईल?

परवा एक धमनी आली. अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ, शाळामास्तर. ट्रकनं उडवलं. विकर इतका जबरदस्त की मी मोजणी दोनदा केली. सरांना बोलावून दाखवलं. मला तुमचीच आठवण झाली. म्हटलं, आमच्या मामांची उघडली तर अशीच निघेल.

मामींच्या पित्ताचं ऐकून वाईट वाटलं. संक्रांतीला तिळाचे लाडू फार खाल्ले असतील. उपाशीपोटी चहा घेऊ देऊ नका.

तुमची
चारू

('विकर'वर काना आहे. 'ट्रकनं उडवलं' या शब्दांखाली रेघ ओढून समासात लिहिलं आहे: 'नशीबवान.')

—

कुही
२० फेब्रुवारी १९७८

चि. चारुशीला हिस अनेक आशीर्वाद.

आता लपवण्यात अर्थ नाही. तू पहिल्या पत्रातच ओळखले होतेस, आणि तू देवरावांचे नाव घेऊन माझी लाज राखत आलीस, हेही मला कळत होते. माडीवरचा गृहस्थ मी आहे.

मी घाबरलेलो नाही, असे लिहिणार होतो. तुला खोटे लिहिले तर तेही चूकच ठरेल. मी घाबरलो आहे. दिवसा वाचन होते, त्यामुळे बरे असते. पण छातीकडे लक्ष देत बसले की तिथे काहीतरी जाणवतेच. वडील गेले ते आठवते. सकाळी भाकर खाल्ली होती, हे तूच लिहिलेस.

माझी जाहिरात मी लिहून ठेवली आहे. एकवीस शब्द आहेत, सर्व शुद्ध. शब्दकोश तुझा. माझी धमनीही तुझ्या कामी यावी असा कागद करून सहीनिशी कोशात 'ध'च्या पानावर ठेवला आहे. तुझा प्रबंध सोन्याचा होवो.

काळजी आहे ती तुझ्या मामीची. मी तिला चाळीस वर्षे शुद्ध बोलायला शिकवले, ती शिकली नाही. तिची चौथी झालेली आहे, लिहिता येते, पण कधी लिहिले नाही, कारण मी होतो. माझ्यामागे ती कोणाला काय सांगेल आणि कशी सांगेल? तिच्या मनातले तुला माझ्याशिवाय कोण लिहील? माडीला तेरा पायऱ्या आहेत. ती ताट घेऊन येते तेव्हा सातव्या पायरीवर बसते. मी वरून विचारतो, काय झाले? ती म्हणते, काही नाही. मग मी तिच्या पावलांची वाट पाहत पडून राहतो. हे माणूस खाली आहे म्हणून मी वर आहे, एवढेच मला कळते. तिला तुझ्याकडे घेऊन जा.

तुझा
मामा

—

नागपूर
२७ फेब्रुवारी १९७८

तीर्थरूप मामांस.

तुमचं पत्र वाचून मी थंड खोलीतून बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. मी काहीही ओळखलेलं नव्हतं. तुम्हाला विकार आहे असं मी कधी, कुठल्या पत्रात लिहिलं, ते मला आठवत नाही. पण तुम्हाला काहीतरी होतंय आणि तुम्ही तीन महिने मला ते सांगू शकला नाहीत, एवढं कळलं. मी हृदयाच्या आजारावर प्रबंध लिहिते आणि माझ्या घरचा माणूस माडीवर एकटा पडून असतो.

मी सरांकडे रजा मागितली आहे, आठवड्यात येते. तोपर्यंत माडीवरून हलू नका. मामींना म्हणावं, त्यांना क्षणभर एकटं सोडू नका. रात्रीही वरच झोपा. काय हवं नको ते हातात द्या, पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांनी स्वतः उचलता कामा नये.

तुमची
चारू

(या पत्रावर एकही दुरुस्ती नाही.)

—

(पोस्टकार्ड. तारीख नाही. कुहीच्या टपालाचा शिक्का ४ मार्च १९७८. अक्षर मोठं, ओळी खाली उतरत गेलेल्या.)

चि. चारूले मामीचा आशिर्वाद.

हे कारड मी सोताच्या हातानं लिवून राहिली. याहिले माहीत नाही. चुका असन, हसू नको वं.

आधी तुह्या मामाचं सांगतो. त्याहिले काही झालं नाही. तू दिवाळीत सांगतलं होतं का विकर धमनीतली चरबी खाते, राखेनं तेलाचं भांडं घासल्यावानी. तुह्या चिठीत तोच शब्द आला त याहिनं लाल शाईनं काना देल्ला. मी म्हटलं आहो, चारू विकरच म्हणे. त म्हणे तुले काय समजते, असा शब्द कोशात नाही. तवापासून वर पडून हायेत. दोन भाकरी जास्तीच्या खातात.

आता माह्यं. माडी चढली का छातीवर कोणी पाय देऊन उभं राह्यल्यावानी होते. डावा हात बोटापावतर भरते. बसली का जाते. सकरातीले दोन घंटे गेलं नाही, वाटलं आता आपलं झालं. मी याहिले सांगतलं का चारूले लिवा. याहिनं लिवलं का पित्त हाय. मी पित्त म्हटलंच नाही.

तू मेलेल्या मानसाच्या धमन्या पायतं. जित्या बाईची पायता येते का?

याहिले रागावू नको. भेले हायेत.

जिजा

—

तार
नागपूर, ७ मार्च १९७८

मामींना जिना चढू देऊ नका. तुम्ही खाली उतरा. तुम्हाला काही झालेलं नाही. उद्या पहिल्या एसटीने येते. चारू

—

नागपूर
१२ एप्रिल १९७८

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही दोघं कुहीला सुखरूप पोचलात हे देवरावांच्या माणसाकडून कळलं. दवाखान्यातल्या महिन्याभरात आपण तिघं एका खोलीत होतो आणि तरी जे बोलायचं ते बोललो नाही, म्हणून पत्र लिहिते.

मामी वाचल्या त्यात माझा काही हात नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन काय म्हणाले ते तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. संक्रांतीला येऊन गेला तो हृदयविकाराचा झटका होता. दुसरा केव्हाही आला असता. त्यांनी विचारलं, घरी कोणाच्या लक्षात आलं नाही का? मी म्हटलं, घरी एक मराठीचे शिक्षक आहेत आणि हृदयरोगावर संशोधन करणारी एक भाची आहे.

तुम्ही गेल्यावर मी तुमची सगळी पत्रं पुन्हा काढली. घागर खाली ठेवून उभी राहते. घामानं भिजली. हाताविषयी बोलत होती. सातव्या पायरीवर बसते. मामा, प्रत्येक पत्रात मामींचा आजार लिहिलेला होता. तुम्ही लिहिलात, तुम्हाला दिसला नाही. मी वाचला, मला दिसला नाही. मी त्यावर थंड दूध सुचवलं. आणि शेवटच्या पत्रात मी त्यांना तेरा पायऱ्या चढून रात्री वर झोपायला पाठवलं. तुमचा एक काना चुकला. माझं काय चुकलं ते मोजायला माझ्याकडे लाल शाई नाही.

तुमचा कार्डिओग्राम पाहून ते तरुण डॉक्टर म्हणाले ना, गुरुजी, हा निरोगी हृदयाचा नमुना म्हणून विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवून घेऊ का? तेव्हा तुमचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. मला हसू आलं आणि रागही आला. मामींनी मला खूण केली की गप्प बस.

परत आल्यावर मी फ्रीजच्या मागच्या कप्प्यातून ते नऊ नमुने काढले. सरांना म्हटलं, हे मी मोजणार. ते म्हणाले, आकडे बिघडतील. मी म्हटलं, बिघडू देत. त्यांना राग आला आहे, प्रबंध सहा महिने तरी पुढे जाईल. पहिला नमुना काल वाटला. बावन्न वर्षांची बाई. धमनी आतून चुनखडीसारखी. कागदावर मरणाचं कारण काय लिहिलं होतं ते सांगत नाही, तुम्ही ओळखाल.

गोळी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. मामींच्या उशाशी आणि तुमच्या खिशात, दोन्हीकडे असू द्या.

तुमची
चारू

—

कुही
२५ एप्रिल १९७८

चि. चारुशीला हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात नऊ चुका आहेत. त्या तशाच ठेवल्या आहेत.

आम्ही आता खाली राहतो. माडीला कुलूप लावून किल्ली प्रेमिलाकडे दिली, कारण मला ती घरात नको होती. पाणी मी आणतो. पहिल्या दिवशी अर्धी घागर वाटेतच सांडली. देवराव गिरणीच्या दारातून पाहत होते. म्हणाले, 'काहून गा गुरुजी, तुमाले त हार्टचा आजार होता ना?' मी म्हटले, तो शुद्धलेखनाचा होता. त्यांना कळले नाही, पण ते सगळ्या कुहीला सांगत सुटले आहेत.

विकर हा शब्द मी कोशाच्या समासात माझ्या हाताने लिहिला. अर्थही लिहिला. 'ध'च्या पानावरचा कागद तसाच आहे. तो तू रद्द समजू नकोस. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे तुला वाट मात्र फार पाहावी लागेल.

एक गोष्ट विचारायची होती ती दवाखान्यात विचारता आली नाही. तिने तुला कार्ड टाकले. पोस्ट घरापासून किती लांब आहे ते तुला माहीत आहे. ती तिथपर्यंत एकटी चालत गेली, वाटेत किती वेळा उभी राहिली असेल ते मला माहीत नाही, आणि परत येऊन तिने मला वर जेवण आणून दिले. ताट ठेवताना मी तिला म्हणालो होतो की आज उशीर झाला. यावर मी काय करू ते मला कळत नाही. नुसते लिहून ठेवतो.

आता तिचा मजकूर. ती सांगते आहे आणि मी लिहितो आहे. एक अक्षर बदललेले नाही, शेजारी बसून पाहते आहे:

'चारू, मी बरी हाय. तुहे मामा गोळीची पुडी घेऊन दिवसभर मांगमांग फिरतात. काल जरा दुखलं त म्हटलं द्या लवकर. त हे पुडीवर वाचून राहिले, जिभेखाली हा एक शब्द का दोन. मी हातातून वढून घेतली. भाजी याहिले येत नाही, वरण येते. मीठ टाकाले इसरतात. म्या काही म्हटलं नाही. तू ये म्हंजे सांगतो.'

हे लिहिताना माझा हात सात ठिकाणी अडला. पण तिचे बोलणे असे लिहून पाहिल्यावर त्यात कर्ता कुठे आहे आणि क्रियापद कुठे आहे ते मला नीट दिसले. ते पहिल्यापासून तिथेच होते.

तुझ्या विकाराचे काम कसे चालले आहे ते कळव. सरांशी जपून वाग.

तुझा
मामा

(शेवटून दुसऱ्या ओळीत 'विकाराचे' असं लिहिलं आहे. त्यातला काना लाल शाईनं खोडला आहे. रेघ थोडी कापरी आहे आणि खालच्या ओळीपर्यंत उतरली आहे. मामांची रेघ अशी नसे. पुढची आठ वर्षं कुहीहून मला जी पत्रं आली, ती निळ्या शाईत मामांच्या अक्षरात असत, आणि त्यांवर कुठेतरी लाल शाईची अशी एखादी रेघ असे.)